हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल

दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या तारखेस, पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत, आपल्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या पायथ्याशी लोक जमतात. कोणी नेरळ-कर्जतकडून येतात, कोणी कल्याणहून, कोणी शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतून. सूर्योदयाच्या सुमारास तेथील स्मारकापुढे मस्तक लववून ते परततात. आपल्या शाळेतील कित्येक विद्यार्थी आपल्या वडिलांबरोबर या स्थळी जाऊन आले असतील. तेथे ज्यांचे नाव घेतले जाते ते भाई कोतवाल कोण होते, असे विचारल्यास बहुतेकांकडून एकच उत्तर येते : त्यांनी विजेचे मनोरे पाडले व इंग्रजांच्या गोळीने त्यांस मरण आले. हे उत्तर खरे आहे, पण ते अर्धे आहे. बंदूक हाती घेण्यापूर्वी या पुरुषाने शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारे उघडली होती. त्या कोठारांचे मोल ज्याला कळेल त्यालाच त्यांच्या बलिदानाचाही अर्थ नीट उमगेल. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान हे थंड हवेचे ठिकाण. ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर मॅलेट यांच्या दृष्टीस ते १८५० साली पडले व पुढे साहेबलोक आणि मुंबईचे धनिक यांचे बंगले तेथे उठले. १९०७ साली नेरळहून वर जाणारी लहान आगगाडीही सुरू झाली. डोंगराच्या माथ्यावर अशी श्रीमंतांची वस्ती, तर पायथ्याशी आणि उतारांवर ठाकूर, कातकरी, कुणबी व आगरी यांची गवताने शाकारलेली घरे! हंगामात ही माणसे डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत, हंगाम सरला की त्यांची मिळकतही सरे. लहानग्या विठ्ठलाने या दोन्ही जगांचे दर्शन एकाच अंगणातून घेतले. ज्या घराचा उदरनिर्वाह दुसऱ्यांच्या सेवेवर चालतो त्या घरातील मुलास माणसामाणसांतील अंतर फार लवकर समजते.

मुलगा बुद्धीने तल्लख होता. माथेरानात प्राथमिक शिक्षण होताच त्यास पुढील शिक्षणाकरिता पुण्यास आप्तांकडे धाडण्यात आले. तेथे व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेत त्याने पहिला क्रमांक मिळविला. त्या काळी ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास शिक्षकाची अथवा कारकुनाची जागा सहज मिळे व गरीब घरास तेवढ्यानेच धन्यता वाटे. परंतु विठ्ठलराव तेथे थांबले नाहीत. पुण्यातील इंदुताईंशी त्यांचा विवाह झाला, संसाराची जबाबदारी आली, तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही व अखेरीस कायद्याची पदवी संपादन केली. आता शहरात राहून वकिली करावी, चार पैसे गाठीस बांधावे आणि आईबापांचे कष्ट फेडावे, असा सरळ मार्ग त्यांच्यापुढे होता. तो त्यांनी सोडला व ते आपल्या डोंगराकडे परत आले. लोक त्यांना प्रेमाने भाई म्हणू लागले ते याच काळात. माथेरानच्या नगरपालिकेतही ते निवडून गेले व तिचे उपाध्यक्ष झाले.

परत आल्यावर त्यांच्या दृष्टीस काय पडले, हे समजण्यासाठी आपल्याकडील भातशेतीचे वर्ष कसे जाते ते आधी पाहिले पाहिजे. कर्जत तालुका त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होता व मुरबाड-शहापूर हे ठाणे जिल्ह्यात. परंतु सरकारी हद्द बदलली म्हणून शेत बदलत नाही. तोच पाऊस, तीच खाचरे, तीच वरकस जमीन व तोच शेतकरी.

होळीच्या आगेमागे शेतकरी राब करण्यास लागतो. शेण, झाडांचे कवळ, गवत व माती यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरून तो ते जाळतो, म्हणजे तणाचे बी मरते व रोप जोमाने वर येते. मृगाचा पाऊस पडला की बी पेरावयाचे, खाचरांत चिखलणी करावयाची आणि तीन-चार आठवड्यांनी आवणीस लागावयाचे. पुढे हळवे भात आश्विनात, तर गरवे कार्तिकात कापणीस येते. झोडणी होऊन दाणे घरी येईपर्यंत मार्गशीर्ष उजाडतो. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नागली व वरी पिकते, तिच्यावर गरिबांचे बरेचसे पोट चालते.

आता यातील मेख अशी की, ज्या महिन्यांत शेतकऱ्याला सर्वांत अधिक कष्ट करावे लागतात त्याच महिन्यांत त्याची कणगी रिकामी असते. आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून आवणी करावयाची, आणि घरी चूल पेटण्याची मारामार! तेव्हा तो सावकाराच्या दारी जाऊन पोटापुरते धान्य उचली. यालाच खावटी म्हणतात. ही खावटी सवाईने किंवा दिढीने फेडावयाची असे. सवाई म्हणजे एका मणास सव्वा मण, दिढी म्हणजे एका मणास दीड मण. कानास हे फार वाटत नाही. परंतु वर्षाचे व्याज वर्षाने देणे वेगळे आणि चार-पाच महिन्यांत दीडपट देणे वेगळे.

मुलांनो, शाळेत तुम्ही व्याजाची उदाहरणे सोडविता. त्यांतलेच एक येथे मांडून पाहू. समजा, एका कुळाने आषाढात ४ मण भात दिढीने उचलले. मार्गशीर्षात त्याला ६ मण परत करावे लागतील. समजा, त्याच्या शेतात २० मण भात पिकले व तो ते अर्धेलीने करतो. निम्मे, म्हणजे १० मण, जमीनमालकाचे. उरलेल्या १० मणांतून ६ मण सावकाराचे. मग त्याच्या घरात राहिले ४ मण. त्यातूनच बियाणे काढून ठेवावयाचे, मीठ-मिरची व कापड आणावयाचे आणि पाच-सहा माणसांची पोटे भरावयाची. हे भात शिमग्यापर्यंत तरी कसे पुरावे? म्हणून पुढील आषाढात तोच मनुष्य त्याच दारी पुन्हा उभा!

दुसरी रीत याहूनही सूक्ष्म होती. सावकार दिलेले भात वहीत धान्यरूपाने न मांडता पैशाच्या रूपाने मांडी. पावसाळ्यात भाव चढा असतो. समजा, तो मणास ३ रुपये आहे. तेव्हा ४ मणांचे १२ रुपये झाले. त्यावर सवाईने १५ रुपये देणे. कापणीनंतर सर्वांचेच भात एकदम बाजारात येते आणि भाव घसरतो. समजा, तो २ रुपयांवर आला. आता १५ रुपये फेडण्यास साडेसात मण भात मोजावे लागेल. ४ मणांचे साडेसात मण पाच महिन्यांत झाले आणि तरीही वहीवर व्याज सवाईचेच दिसते! ज्याला अक्षरओळख नाही व ज्याचा अंगठा कोऱ्या कागदावर उमटला आहे त्याने हा हिशेब कोणास विचारावा?

कित्येक गरिबांस कापणीपर्यंतही थांबता येत नसे. पीक शेतात हिरवे उभे असतानाच ते अल्प किमतीस ठरवून टाकावे लागे. आपल्या जिल्ह्यात यास पालेमोड असे नाव आहे. अशा रीतीने दाणा भरण्यापूर्वीच तो दुसऱ्याचा झालेला असे. कापणी करणारे हात शेतकऱ्याचे, परंतु पीक मात्र व्यापाऱ्याचे. उरलेसुरले भात नेरळ, कर्जत, कल्याण येथील गिरण्यांकडे जाई, आणि तेच तांदूळ होऊन पावसाळ्यात चढ्या दराने परत गावात येई. पौष महिन्यात म्हसाची जत्रा भरते. तेथे बैल घेण्यास गेलेला शेतकरी पुष्कळदा कर्जाचा नवा दोर स्वतःच्याच गळ्यात अडकवून परत येई.

हे सर्व भाईंनी पाहिले. त्यांच्या ध्यानात आले की, न्यायालयात एका कुळाची बाजू मांडून एक खटला जिंकता येईल, पण पुढील आषाढात त्याच्या घरी दाणा नसेल तर तो पुन्हा त्याच सावकाराच्या पायाशी जाईल. रोगाचे मूळ कज्जात नसून रिकाम्या कणगीत आहे. म्हणून त्यांनी गावोगाव शेतकऱ्यांना एकत्र करून धान्याची कोठारे काढण्याचे काम हाती घेतले. त्यांस कोणी धान्यपेढी म्हणत, कोणी ग्रेन बँक म्हणत.

अशा कोठाराचा व्यवहार साधा असतो. कापणीच्या वेळी, जेव्हा घरात दाणा असतो व भाव उतरलेला असतो, तेव्हा प्रत्येक घराने थोडे भात सामाईक कोठारात टाकावे. पावसाळ्यात ज्याला नड असेल त्याने त्यातून उचलावे. आणि नवीन पीक आल्यावर थोडक्या वाढीसह परत करावे. समजा, ५० घरांनी एकेक मण टाकला तर ५० मण जमले. मणामागे ४ शेर वाढ घेतली तर पुढील वर्षी ५५ मण होतील. याच क्रमाने ते वाढत गेले तर सुमारे सात वर्षांत कोठार जवळजवळ दुप्पट होईल, आणि ही वाढ सावकाराच्या वाड्यात न जाता गावातच राहील. धान्याचे देणेघेणे धान्यातच होत असल्यामुळे चढउताराच्या भावाचा फासही येथे लागत नाही.

परंतु जे साधे असते ते सोपे असतेच असे नाही. ज्याच्या घरी आधीच तुटवडा आहे त्याने कापणीच्या वेळी एक मण बाजूला काढावयाचा म्हणजे आजच्या घासातून काढावयाचा. शेजाऱ्यावर विश्वास ठेवावयाचा. एखाद्या वर्षी पाऊस मध्येच उघडला व सर्वांचेच पीक करपले तर कोठारात परत येणार काय? शिवाय उंदीर, घुशी व ओल यांनी होणारी तूट वेगळीच. आणि ज्यांचा व्यवहार बुडतो ते स्वस्थ थोडेच बसतात! जुनी बाकी एकदम मागणे, जमीन काढून घेण्याचा धाक घालणे, हे उपाय त्यांच्या हाती असतातच. म्हणून कोठार चालविण्यास भातापेक्षाही दोन गोष्टी अधिक लागतात : एकजूट आणि चोख हिशेब.

भाईंच्या दुसऱ्या कार्याचे महत्त्व येथे कळून येते. त्यांनी माथेरान-कर्जतच्या परिसरात ४२ स्वयंसेवी शाळा सुरू केल्या, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. ज्यांना सावकाराची वही वाचता येत नव्हती त्यांची मुले या शाळांत अक्षरे व आकडे गिरवू लागली. कोठार आणि शाळा ही दोन कामे वरवर भिन्न दिसतात, परंतु ती एकाच गाडीची दोन चाके होत. कोठार पोटास आधार देते, शाळा डोळ्यांस दृष्टी देते. एक चाक निखळले तर दुसऱ्याने गाडी फार दूर जात नाही.

अशा प्रकारे काम चालले असता १९४२ साल उजाडले. दुसरे महायुद्ध पेटले होते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ हिंदुस्थानात येणे बंद झाले. तांदळाचे भाव भडकले. एखाद्यास वाटेल की भाव वाढले म्हणजे भात पिकविणाऱ्याचे दिवस पालटले असतील. परंतु ज्याने आपले भात कापणीच्या वेळीच देण्यात घातले आणि जो पावसाळ्यात स्वतःच धान्य विकत घेतो, त्यास महागाईचा लाभ कोठून होणार? लाभ झाला तो साठा करणाऱ्यांचा.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव काँग्रेसने संमत केला. दुसऱ्याच दिवशी पुढारी पकडले गेले. भाईंवरही पकड वॉरंट निघाले. तेव्हा ते घरदार, पत्नी व लहान मुले यांस मागे ठेवून भूमिगत झाले. त्यांच्याभोवती तरुण शेतकऱ्यांची एक तुकडी जमली, तिचे नाव आझाद दस्ता. मानिवली गावचे गोमाजी पाटील व त्यांचे पुत्र हिराजी पाटील हे या दस्त्यातील प्रमुख होत. बापलेक एकाच तुकडीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अडविलेल्या पाण्यापासून खोपोली व भिवपुरी येथे टाटांच्या कारखान्यांत वीज होत असे आणि उंच लोखंडी मनोऱ्यांवरील तारांतून ती मुंबईस जाई. तिच्यावर गिरण्या चालत, आगगाड्या धावत. त्याच तारांच्या खाली असलेल्या खेड्यांत मात्र त्या काळी रात्री रॉकेलची चिमणीच मिणमिणत असे. युद्धकाळात सरकारचे बळ या विजेवर अवलंबून आहे हे ओळखून दस्त्याने हे मनोरे पाडण्याचे ठरविले. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत त्यांनी ११ मनोरे पाडले. मुंबईचे कारखाने व आगगाड्या यांच्या कामात त्यामुळे खंड पडला. हा मार्ग महात्मा गांधींच्या शिकवणीस धरून होता की नव्हता, याविषयी त्या वेळीही मतभेद होते आणि आजही विचारी माणसे निरनिराळी मते देतील. परंतु यात स्वतःच्या लाभाचा लवलेश नव्हता, हे भाईंचे विरोधकही नाकारू शकणार नाहीत.

सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास मोठे बक्षीस लावले. दस्ता डोंगरामागून डोंगर ओलांडीत अखेर मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या दाट अरण्यात येऊन राहिला. रानातील वाड्यांवरील गरीब माणसांनी अर्ध्या भाकरीतील चतकोर त्यांस दिली. परंतु जेथे निष्ठा असते तेथे फितुरीही असते. पोलिसांस ठिकाणाचा सुगावा लागला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे, दस्त्यातील मंडळी शेकोटीजवळ असताना, हॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालील पोलिसांनी त्यांना घेरले व गोळीबार सुरू केला. हिराजी पाटील प्रथम पडले. भाईंच्या मांडीत गोळी शिरली, त्यामुळे त्यांस हलता येईना. त्याच अवस्थेत त्यांच्यावर जवळून गोळी झाडण्यात आली व त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

स्वातंत्र्य येण्यास अद्याप साडेचार वर्षांचा अवधी होता. पुढे ज्या गोष्टींसाठी भाई झटले त्यांतील कित्येक कायद्याने साध्य झाल्या. मुंबई राज्यात सावकारीस आळा घालणारा कायदा १९४६ साली झाला. शेतकऱ्यांच्या कर्जाची तडजोड करण्याविषयीचा १९३९ सालचा कायदा होता, त्याची जागा १९४७ साली नव्या कायद्याने घेतली. १९४८ साली कुळकायदा संमत झाला व १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्याच्या मालकीचा दिवस ठरला. १९७६ साली महाराष्ट्र सरकारने आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याविषयीचा कायदा केला. गाव जे काम कोठाराने करू पाहत होते ते खावटी कर्ज या नावाने सरकारने हाती घेतले. मुंबईत दादर येथे भाईंच्या नावाचे उद्यान आहे, नेरळ व माथेरान येथे त्यांची स्मारके आहेत.

असे असले तरी पालकवर्गास हे सांगावयास नको की, कायदा कागदावर आला म्हणजे कणगी भरली असे होत नाही. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईस जात आहे, मागाहून भातसाचेही जाऊ लागले. तरी त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांतील माताभगिनींना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. भात पिकविणाऱ्यास भावासाठी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. ज्या डोंगराची संपत्ती खाली वाहत जाते त्या डोंगराच्या वाट्यास काय उरते, हा भाईंच्या काळचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

तेव्हा, विद्यार्थिमित्रांनो, भाईंच्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? मनोरे पाडण्याचा काळ गेला. ज्या परकी सत्तेशी त्यांनी झुंज दिली तीही गेली. परंतु सुशिक्षित तरुणाने आपल्या गावाकडे पाठ फिरवावी की तोंड करावे, हा प्रश्न तुमच्यापैकी प्रत्येकापुढे एक दिवस उभा राहणार आहे. तुम्ही वकील व्हा, डॉक्टर व्हा, शिक्षक व्हा. परंतु आपल्या वडिलांच्या शेताचा हिशेब तुम्हास मांडता आला पाहिजे. बियाण्यास किती लागले, मजुरीस किती गेले, भात कोणत्या महिन्यात कोणत्या भावाने विकले, देणे किती व कोणास, एवढे चार आकडे या वर्षी घरातील वडीलधाऱ्यांस विचारून वहीत लिहून पाहा. गणिताच्या पुस्तकातील व्याज आणि आपल्या घरातील व्याज यांचे नाते तेव्हा उमगेल. ज्या दिवशी गावातील प्रत्येक घराला आपला हिशेब आपण वाचता येईल, त्या दिवशी दुसऱ्याच्या वहीचे भय नाहीसे होईल.

सिद्धगडाच्या पायथ्याशी मस्तक लववून परतताना वाटेत खाचरे लागतात. जानेवारीत ती कोरडी असतात व भाताची बुडखे तेवढी उभी दिसतात. भाईंना वंदन करावयाचे तर त्या खाचरांकडेही क्षणभर पाहावे, कारण त्यांच्यासाठीच हा तरुण वकिली सोडून डोंगरात आला होता.